पाठीमागे टाकायचं पाणी

सासूबाई लेस्टरला आल्या त्या सहा महिन्यांच्या व्हिसावर, एप्रिलच्या सुरुवातीला. बॅगेत मेतकूट, थालिपिठाची भाजणी, सहाण आणि चंदनाचं खोड. आणि डोक्यात काय काय करू नये याची यादी. तिन्हीसांजेला केर काढू नये. उंबऱ्यावर बसू नये. घरातलं माणूस प्रवासाला निघालं की त्याच्या पाठोपाठ न्हाऊ नये, झाडू नये, फरशी पुसू नये, निदान ते पोचल्याचं कळेपर्यंत तरी. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. दिवसभर लोकांचं रक्त तपासायचं आणि निघेल तो आकडा लिहायचा, कुणाला आवडो न आवडो. त्यामुळे यादी ऐकताना मी हो हो म्हणायचे आणि केर काढायचं हूवर मात्र मला वेळ असेल तेव्हा फिरवायचे.

आमच्या शेजारच्या घरात इराणी मायलेकी राहत. मुलगी फार्मसीत कामाला, आई साठीच्या पुढची, विधवा. आईला आम्ही खानम म्हणायचो. ते नाव नव्हे, नुसतं 'बाई' म्हटल्यासारखं; त्यांनीच तसं म्हणायला सांगितलं होतं. तीसेक वर्षांपूर्वी त्या देश सोडून आल्या, त्यानंतर एकदाही परत गेल्या नव्हत्या.

सासूबाईंची आणि खानमची गट्टी कशी जमली हे मला आजही नीट सांगता यायचं नाही. खानमना इंग्लिश चांगलं येतं, पण सासूबाईंकडे इंग्लिशचे पन्नास शब्द. फेन्सच्या अलीकडे एक खुर्ची, पलीकडे एक खुर्ची. "नी," सासूबाई गुडघ्यावर हात ठेवून म्हणायच्या. "नी," खानम आपला गुडघा दाखवून म्हणायच्या. एवढ्यावर अर्धा तास जायचा. "अहो आई, काय बोलता तुम्ही दोघी इतकं?" मी विचारलं, तर म्हणाल्या, "तुला काय करायचंय? आमचं आमचं चालतं."

त्या उन्हाळ्यात खानमच्या घरात एकच विषय होता. त्यांची थोरली बहीण इराणमध्ये, तिची दृष्टी जात चाललेली. ती पूर्ण जायच्या आत एकदा भेटायचं म्हणून खानमनी ऑगस्टचं तिकीट काढलं होतं, पाच आठवड्यांचं. मुलगी नको म्हणत होती. जायला काही नाही, कोणीही जाऊ देईल, पण परत येताना अडवलं तर? जुने कागद काढून बसले तर? भिंतीपलीकडून आवाज यायचे. भाषा कळायची नाही, पण मायलेकींचं भांडण कळायला भाषा कशाला लागते.

मे महिन्यात माझ्या नवऱ्याला नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात कन्सल्टंटच्या जागेसाठी इंटरव्ह्यू होता. सकाळी सूटबूट चढवून तो निघाला. सासूबाईंनी त्याच्या हातावर दही-साखर घातली, तो पाया पडला, गाडी सुरू केली. गाडी घरापुढच्या ड्राइव्हमधून बाहेर पडते न पडते तोच शेजारच्या दारातून खानम आल्या, हातात काचेचा वाडगा, आणि तो भरलेला वाडगा त्यांनी गाडीच्या मागे रस्त्यावर भस्सकन ओतला. मग आमच्याकडे बघून हसल्या. चांगलं काम केल्यावर माणूस हसतो तसं.

सासूबाई जागच्या जागी पांढऱ्याफटक पडल्या. "अगो बाई! हे काय केलं हिनं?"

"पाणी टाकलं," मी म्हटलं.

"दिसतंय मला पाणी टाकलं ते! माझ्या पोराच्या मागे टाकलं. पाणी कुणाच्या मागे सांडतात माहितीय ना तुला? खांद्यावर मडकं घेऊन, भोक पाडून..." त्या तोंडावर पदर धरून आत गेल्या.

खानमना काही कळेना. मी विचारलं तेव्हा त्यांनी समजावलं. त्यांच्याकडे प्रवासाला निघालेल्याच्या मागे पाणी टाकतात. पाणी जसं सरळ वाहत जातं तसा प्रवास सरळ होवो, आणि ज्या दारातून माणूस गेलं त्या दारात ते सुखरूप परत येवो. पाणी टाकलं नाही तर काळजी करायची. मी आत जाऊन हे सगळं सासूबाईंना सांगितलं. "त्यांच्यात चांगलं असेल," त्या म्हणाल्या, "माझ्या मुलाच्या मागे नको."

नवरा संध्याकाळी सुखरूप आला, आणि जागाही मिळाली. खानम म्हणाल्या, पाण्यानं मिळाली. सासूबाई म्हणाल्या, दह्यानं मिळाली, पाणी असूनसुद्धा मिळाली. मी म्हटलं, कावळा बसायला आणि फांदी मोडायला. नवरा म्हणाला, मी सहा महिने अभ्यास केला त्याचं काय? त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

त्यानंतर सासूबाईंनी खुर्ची फिरवली. फेन्सकडे पाठ. खानम पलीकडून "गुड मॉर्निंग" म्हणायच्या, आणि या आपल्या वाती वळत बसायच्या. असे तीन आठवडे. मला राग आला होता. सत्तरीला आलेल्या दोन बायका, एकीचे गुडघे दुखतात, दुसरीचेही दुखतात, आणि शाळेतल्या पोरींसारखा अबोला धरून बसल्यात. मी एकदा बोलून दाखवलं, तर म्हणाल्या, "तुझा पोटचा गोळा नाही ना तो." मला मूल नव्हतं. तो घाव कुठे बसला ते त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण त्या दिवशी त्यांनी न सांगता माझ्या आवडीची मटकीची उसळ केली.

जूनमध्ये खानम एक पत्रक घेऊन माझ्याकडे आल्या. लायब्ररीत मिळालं होतं. नॉटिंगहॅमच्या पलीकडे तासाभराच्या अंतरावर एक जुनी हवेली होती. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी तिचा मालक इराणमध्ये व्यापारात बरीच वर्षं काढून आला आणि त्यानं हवेलीच्या मागे अस्सल इराणी पद्धतीची बाग बनवून घेतली. आता ती रविवारी लोकांना उघडी असते. पत्रकावर निळ्या फरशांच्या हौदाचा फोटो होता. "मला हे जायच्या आधी बघायचंय," खानम म्हणाल्या. मुलीला रविवारी काम होतं. मी म्हटलं, नेते.

सासूबाईंना घरी एकटं ठेवायचं नव्हतं. मी विचारलं. "येते," त्या म्हणाल्या. "पण मी मागे बसेन." त्या मागे बसल्या, खानम पुढे, आणि तासभर गाडीत फक्त रस्ता सांगणारी सॅट-नॅव्हमधली बाई बोलली.

खरं सांगायचं तर बाग बघून मी पहिल्यांदा म्हटलं, एवढंच? उंच विटांची भिंत, आत चौकोनी जागा, तिचे चार भाग. दोन सरळ पाट एकमेकांना छेदून जाणारे, मध्यभागी तो निळा हौद, पाटांच्या कडेला सुरूची झाडं आणि गुलाब. डाळिंबाचं एक झाड कुंडीत होतं, फूल नाही न फळ नाही, थंडीत आत न्यायचं म्हणून कुंडीला चाकं लावलेली. इंग्लंडात एरवी बाग म्हणजे सगळं वेडंवाकडं मुद्दाम वाढवलेलं. इथे सगळं पट्टीनं आखलेलं. बरं वाटलं मला ते. माझ्या कामातही सगळं ओळीत लागतं.

हॅट घातलेले एक आजोबा माहिती द्यायला होते, व्हॉलंटियर. त्यांनी आम्हा तिघींना बघितलं आणि सुरू झाले. चार भाग म्हणजे काय, पाट का, सुरू का, इराणी माणूस बागेकडे कसा बघतो, वीस मिनिटं. खानम मान डोलवत ऐकत होत्या. मधूनमधून "किती सुंदर" म्हणत होत्या. शेवटी त्यांनी आजोबांचे आभार मानले, खूप शिकायला मिळालं म्हणाल्या.

"अहो, तुम्ही त्यांना सांगितलं का नाही?" मी नंतर विचारलं. "तुमचीच बाग तुम्हाला शिकवत होता तो!"

"तो यजमान आहे," खानम म्हणाल्या. "त्याच्या घरी येऊन त्याला कसं सांगू की मला जास्त कळतं?"

मी सासूबाईंना हे सांगितलं. "रीत आहे तिला," त्या म्हणाल्या. तीन आठवड्यांत त्यांनी खानमबद्दल काढलेला पहिला बरा शब्द.

मग आम्ही हौदापाशी गेलो. हौद कोरडा होता. पाटही कोरडे. तळाशी पाचोळा, एक चॉकलेटचा कागद. हौदाच्या काठावर प्लॅस्टिकमध्ये घातलेली चिठ्ठी: पंप बिघडला आहे, पार्ट मागवला आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व. खानमनी ती चिठ्ठी दोनदा वाचली. चेहऱ्यावर काही दिसलं नाही, पण त्या काठावर बसल्या त्या अशा बसल्या की मला वाटलं, झालं, आता उठणार नाहीत.

त्याच वेळी पलीकडे सासूबाई आपलं काम करत होत्या. पुण्यात सकाळी फिरायला जाताना हातात पिशवी नेणाऱ्या आणि कुंपणाबाहेर आलेलं प्रत्येक जास्वंद देवाचं समजणाऱ्या पिढीतल्या त्या. लेस्टरमध्येही त्यांनी आमच्या रस्त्यावरचे सगळे फ्रंट गार्डन हेरून ठेवले होते; दोनदा मी शेजाऱ्यांची माफी मागितली होती. उद्याच्या पूजेला म्हणून त्यांनी दोन गुलाब खुडून पदराखाली घेतले, तिसऱ्याला हात घातला, आणि हॅटवाले आजोबा लगबगीनं आले.

"मॅडम, प्लीज! ही ऐतिहासिक बाग आहे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात खानम उठून मध्ये आल्या. एवढ्याशा बाई, पण ताठ उभ्या राहिल्या. "सर," त्या म्हणाल्या, "तुम्ही मघाशी आम्हाला इतकं छान समजावलंत, पण एक सांगायचं राहिलं. इराणी बागेत पाहुणी आली की मालक तिला गुलाब देतो. तुम्ही कामात होतात म्हणून माझ्या मैत्रिणीनं तुमचे कष्ट वाचवले."

आजोबा लाल झाले. मग काय वाटलं त्यांना कुणास ठाऊक, खिशातून छोटी कात्री काढली, तो तिसरा गुलाब स्वतः कापला, काटे काढले आणि सासूबाईंना दिला. "थँक यू," सासूबाई राणीसारख्या म्हणाल्या. आणि मला मराठीत, "म्हातारा बरा आहे हो." मग त्यांनी विचारलं, "काय म्हणाली ती त्याला?" मी सांगितलं. "मैत्रीण म्हणाली?" त्यांनी पुन्हा विचारलं.

आम्ही तिघी कोरड्या हौदाच्या काठावर बसलो. सासूबाईंनी डबा काढला, थालिपीठ, लोणी, लिंबाचं लोणचं. घास घेता घेता खानम बोलायला लागल्या. मी सासूबाईंना मराठीत सांगत गेले. त्यांच्या गावात अशी बाग होती, खूप जुनी. आत शिरायच्या आधी पाण्याचा आवाज यायचा. लहानपणी त्या आणि बहीण पाटात पाय सोडून बसायच्या. "पाणी नाही तर बाग नाही," त्या म्हणाल्या. "नुसती झाडं."

मग म्हणाल्या, ज्या दिवशी आम्ही देश सोडला त्या दिवशी माझ्या मागे कोणी पाणी टाकलं नाही. भर दुपार होती, गल्ली झोपलेली. नवरा, कडेवर मुलगी, एक बॅग. लग्नाला चाललोय असं दाखवून निघायचं होतं. आई दाराच्या आत उभी होती, हातात भरलेला वाडगा. पण पाणी टाकलं असतं तर कळलं असतं सगळ्यांना, की हे लांब चाललेत. म्हणून तिनं टाकलं नाही. मी वळून बघितलं तेव्हा ती तशीच उभी होती वाडगा धरून. "ती गेली तेव्हा मी इथे होते. टेलिफोनवर कळलं," खानम म्हणाल्या.

मी हे शेवटचं सांगितल्यावर सासूबाईंनी घास खाली ठेवला. "भांडं हातातच राहिलं होय गं तिच्या?" त्या म्हणाल्या. मग पिशवीतून पाण्याची बाटली काढून त्यांनी खानमच्या हातात दिली. "ड्रिंक," त्या म्हणाल्या. "स्पायसी." परतताना सासूबाई मागे बसल्या, आणि खानमही मागे बसल्या. मी पुढे एकटी, टॅक्सीवाल्यासारखी.

ऑगस्टमध्ये खानमच्या जायचा दिवस आला. टॅक्सी दुपारी होती. मुलगी विमानतळापर्यंत सोबत जाणार होती. सकाळपासून रडून रडून तिचे डोळे सुजले होते आणि ती आईशी बोलत नव्हती. बॅगा चढल्या. खानमनी आम्हा दोघींना मिठी मारली. टॅक्सीत बसल्या, आणि मग त्यांनी आपल्या घराच्या बंद दाराकडे बघितलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं. मुलगी गाडीत बसलेली, घरात कोणी नाही. पाणी टाकायला कोणीच नव्हतं.

सासूबाई माझ्या शेजारून केव्हा आत गेल्या ते मला कळलं नाही. टॅक्सी निघाली आणि त्या बाहेर आल्या, हातात माझा किचनमधला प्लॅस्टिकचा मोजायचा जग, काठोकाठ. "सगळं टाकायचं की थोडं ठेवायचं?" त्यांनी मला घाईनं विचारलं.

"मला काय माहीत!"

"मेलं तुला काहीच माहीत नसतं," त्या म्हणाल्या, आणि गुडघे विसरून फाटकाबाहेर गेल्या. जग उपडा केला. अर्धं पाणी त्यांच्या साडीवर उडालं. तोंडानं गणपतीचं नाव चालू होतं. टॅक्सीच्या मागच्या काचेत खानमचा हात दिसला, मग टॅक्सी कोपऱ्यावर वळली. सासूबाई म्हणाल्या, "देवाचा तांब्या नाही घेतला हं. मुद्दाम जग घेतला." त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मुलीनं फेन्सवरून सांगितलं, आई पोचली, तेव्हा दूध प्यायल्या.

पाच आठवडे संपले, खानम आल्या नाहीत. मुलगी म्हणाली, कुठलातरी कागद अडकलाय, शिक्का हवाय, उद्या होईल. उद्याचे परवा झाले. सासूबाई दररोज सकाळी फेन्सपाशी जाऊन यायच्या. "मी नीट टाकलं ना गं पाणी? साडीवर उडालं म्हणून तर नाही?" त्यांनी एकदा विचारलं. मी त्यांना कावळा आणि फांदी ऐकवली नाही. नुसतं म्हटलं, नीट टाकलंत.

मग सासूबाईंचेच सहा महिने भरले. जायच्या आदल्या दिवशी बॅगांचं वजन करताना त्या म्हणाल्या, "आणि हे बघ. माझ्या मागे ते पाणीबिणी नको हं. तिचं तिला, माझं मला. मला त्याची भीती वाटते." मी बरं म्हटलं. सकाळी मी त्यांच्या हातावर दही-साखर घातली. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि "येते" म्हणाल्या. नवरा त्यांना घेऊन विमानतळावर निघाला. त्यांचं जाणं मला इतकं लागेल असं वाटलं नव्हतं.

नऊ दिवसांनी खानम आल्या. सासूबाईंसाठी पिस्त्याची मिठाई आणि गुलाबपाण्याची बाटली घेऊन. मी पुण्याला फोन लावून दिला. "आली ना?" सासूबाई मला ओरडून म्हणाल्या. "बघ! कुणी टाकलं होतं? तिला सांग, पुढच्या उन्हाळ्यात येते. ती बाग परत बघू, पंप झाला असेल तोवर."

फेब्रुवारीत पुण्याहून फोन आला. सकाळी देवाची फुलं घेऊन त्या घरी आल्या, पिशवी टेबलावर ठेवली आणि खुर्चीत बसल्या, एवढंच. नवरा मिळेल त्या विमानानं गेला. खानम शिरा घेऊन आल्या, त्यांच्यात माणूस गेलं की करतात तो, केशर घातलेला. बराच वेळ बसल्या. मग हळूच विचारलं, "तू तिच्या मागे पाणी टाकलं होतंस?"

"नको म्हणाल्या होत्या त्या," मी म्हटलं.

"मग बरोबर केलंस," खानम म्हणाल्या.

पंप दुरुस्त झाल्याचं पुढे कळलं. खानम म्हणाल्या, जाऊ या. मी अजून गेलेले नाही.

माझं मत आजही तेच आहे, कावळा बसायला आणि फांदी मोडायला. पण सासूबाई पुण्याला निघाल्या त्या सकाळी नवरा बॅगा गाडीत टाकत असताना मी किचनमध्ये जाऊन तो जग भरला होता. हे मी खानमना सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. दारात उभी होते, जग पाठीमागे लपवून. गाडी निघाली. सासूबाई मागच्या काचेतून माझ्याकडे बघत होत्या, हात हलवत. माझ्या हातात पाणी दिसलं असतं तर पुण्यापर्यंत घाबरत गेल्या असत्या. गाडी कोपऱ्यावर वळली. मी आत आले, ते पाणी केटलमध्ये ओतलं आणि चहा करून प्यायले.